ओवलेल्या फ्लॉप्या

रविवार, १६ जून १९९६

ऑफिसातला दीपक पुण्याला चालला. नोकरी चांगली आहे, जाऊ नकोस असं कोणत्या तोंडाने सांगणार. पण एप्रिलमध्ये याच माणसाने मला स्कूटरवर मागे बसवून मखमलाबादला नेलं होतं. "सर, फक्त मॉनिटर उचलायला चला," म्हणाला होता. मॉनिटर उचलला. मग वायरी जोडल्या. तिसऱ्या रविवारी एका मुलाला कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, आणि तिथेच फसलो. आज त्याने मुलांसमोर जाहीर करून टाकलं की यापुढे क्लब गोरक्ष सर चालवतील. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

क्लब म्हणजे काय, तर कारखान्याने मोडीत काढलेले दोन जुने पीसी, समाजमंदिराची मागची खोली आणि आजूबाजूच्या मळ्यांतली चौदा मुलं. फी नाही. पीसीत हार्ड डिस्क नाही, सगळा कारभार मोठ्या मऊ फ्लॉप्यांवर. पडद्यावर एक कासव असतं. खरं तर तो नुसता हिरवा त्रिकोण. त्याला हुकूम सोडायचे, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंशांत उजवीकडे वळ. ते जातं तिथे मागे रेघ उमटते. यालाच प्रोग्रॅम लिहिणं म्हणायचं. दीपकच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी येतं. माझ्या डोळ्यांत झोप येते.

मनीषाला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही हे दीपकला दोन महिन्यांत कळलं. मला तर बघायला आलात तेव्हाच कळलं होतं."

रविवार, ७ जुलै

आठवड्यातले सहा दिवस अंबडला कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात घालवायचे आणि सातव्या दिवशीही कॉम्प्युटरच. विंचूरहून आईचा निरोप आला होता, गुडघे फार दुखतात, एकदा येऊन जा. आज जायचं होतं. गेलो नाही.

पीसी चालू करायला तीन फ्लॉप्या लागतात. आधी पिवळ्या चिठ्ठीची, म्हणजे डॉसची, मशीन जागं करणारी. मग निळीची, ती लोगोची, म्हणजे कासवाची. मग पांढऱ्या चिठ्ठीची, ज्याची त्याची स्वतःची. क्रम चुकला की मशीन नुसतं घरघरतं. आज राज नावाच्या पोराने तीनदा चुकवलं. मी चिडणार इतक्यात मागून सरुबाई म्हणाली, "आधी पिवळी, राज." तिने अंदाजाने सांगितलं असणार, पण बरोबर निघालं.

सरुबाईकडे समाजमंदिराची किल्ली असते. सकाळी झाडते, दिवे बघते, कमिटी तिला त्याचे थोडेफार देते. पन्नाशीची असेल, एकटी आहे. मळ्यातली फुलं आणून दिवसभर हार ओवते. वर्ग चालू असताना आमच्याच खोलीत मागे टोपली घेऊन बसते, कारण तिथे पंखा आहे. बोलत काही नाही, पण तिच्या सुईच्या तालावर मला डुलकी येते.

रविवार, १८ ऑगस्ट

सरुबाईला आज बोललो. शेवंतीवर पाणी मारत होती आणि मशीन चार हातांवर. "बाई, पाण्याने हे जळून जाईल," म्हटलं. ती टोपली उचलून दाराशी जाऊन बसली. पुढचा अर्धा तास तिथूनच मान लांब करून पडद्याकडे बघत होती. पंखा लागत नसेल. मग वीज गेली आणि सगळेच बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मुलं खूश. मी पण, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ११ सप्टेंबर

दीपकचं पत्र. पुण्यात त्याला हवा मानवली आहे. मुलांची चौकशी दोन पानं, माझी एक ओळ. उत्तरात लिहिणार होतो की मला हे झेपत नाही, दुसरा कोणी बघ. "सगळं ठीक चाललं आहे" असं लिहून पाठवलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज दोन गोष्टी.

पहिली म्हणजे मैनाचं फूल. मैना सातवीत आहे, चौदांत तीच एक मनापासून करते. तीन रविवार ती पडद्यावर शेवंती काढते आहे. एक पाकळी काढायची, चाळीस अंश वळायचं, पुन्हा पाकळी. आठ पाकळ्या झाल्या तरी फूल पूर्ण होईना, एका बाजूला खिंडार राहायचं. मी आकडे मांडायला कागद शोधत होतो, तोवर ती दाराशी जाऊन सरुबाईजवळ काहीतरी कुजबुजली, परत आली आणि आठाच्या जागी नऊ लिहिलं. खिंडार बुजलं. पोरगी हुशार आहे. सरुबाई नेहमीसारखी हार ओवत होती, माझ्याकडे बघून हसली, मीही हसलो.

दुसरी गोष्ट कोंडाजीतात्यांची. तात्या कमिटीचे प्रमुख. मागची खोली एका मंडपवाल्याला बांबू-कनाती ठेवायला हवी आहे, तो भाडं द्यायला तयार आहे. "सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की बैठक हाय. तुमची पोरं काय शिकली ते चार लोकांना दिसू द्या, मग बघू. नायतर खोली जाईल, गोरक्षराव, मला बी तोंड द्यावं लागतं," म्हणाले.

म्हणजे शेवटची तारीख मिळाली. खोली गेली तर माझ्याकडून गेली असं कोणी म्हणणार नाही. हा विचार मनात आला, आला तसा लिहून ठेवतो.

रविवार, २२ डिसेंबर

नाकी नऊ आले. सव्वीस तारखेसाठी प्रत्येक मुलाचं काहीतरी तयार होतंय. मैनाची शेवंती आता एकाजवळ एक, पडदाभर येते. राजचं घर आहे, त्याला दार नाही, पण असू दे. गोंधळ फ्लॉप्यांचा. कोणाची कुठे सापडत नाही, एक खिडकीत, एक सतरंजीखाली, निळ्या चिठ्ठीवाली तर उंदराच्या बिळाजवळ मिळाली. मी डोकं धरून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "अरे, या कोणीतरी क्रमाने लावून एका जागी बांधून ठेवा रे. माझे हाल तरी थांबतील."

मुलं ऐकतात थोडीच. सरुबाईने तेवढी मान वर केली.

रविवार, ५ जानेवारी १९९७

गेलो नाही. क्लबला नाही, विंचूरला आईकडे होतो. मुलांना सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, वाळलास. तिथेही दुपारी झोप लागली नाही.

रविवार, १२ जानेवारी

सगळं गेलं.

नऊला पोचलो. खोली झाडून लख्ख, आणि भिंतीवरच्या खिळ्याला फ्लॉप्यांची माळ. सगळ्याच्या सगळ्या. सरुबाईने हाराच्या लांब सुईने, चिठ्ठीच्या अर्धा इंच खाली, पाकिटासकट आरपार ओवल्या होत्या. दुहेरी दोरा, प्रत्येकीनंतर गाठ. पिवळी, निळी, मग मुलांच्या पांढऱ्या, हजेरीच्या क्रमाने. ती दारात उभी होती, पदराला हात पुसत. "आता नाय हरवायच्या," म्हणाली. "मधल्या मोठ्या भोकातून ओवून पाह्यल्या सर, पण लोंबकळत्यात, चिठ्ठी दिसत नाय. म्हणून वरून घेतल्या."

मी एक सोडवून मशीनला लावून बघितली. खर्रर्र असा आवाज आणि पडद्यावर चूक. दुसरी. तिसरी. मैनाची लावली तेव्हा ती माझ्या खुर्चीला धरून उभी होती.

मग मी सरुबाईला काय काय बोललो ते सगळं लिहायची इच्छा नाही. "ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा, गजरे करायचे तर गजरे करा" हे बोललो. मुलांसमोर बोललो. ती टोपली उचलून गेली. राज म्हणाला, "सर, मावशींनी आमाला विचारून क्रम लावला." मी त्यालाही गप्प बसवलं.

सोमवार, १३ जानेवारी

ऑफिस सुटल्यावर तात्यांकडे गेलो. कमिटीचे आणखी तिघे बसलेले होते. सांगून टाकलं, सव्वीस तारखेला दाखवायला काही उरलं नाही, सरुबाईने फ्लॉप्यांना भोकं पाडली. तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई चांगली हाय, पण तिच्याकडं किल्ली ठेवून चुकलंच म्हणायचं," म्हणाले. मी त्यावर काही बोललो नाही.

परत येताना स्कूटर फार हलकी वाटली. सात महिन्यांत पहिल्यांदा रविवारची धास्ती नव्हती. बंद होणार, आणि मी बंद केलेलं नाही. दीपकलाही हे मान वर करून सांगता येईल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तात्यांच्या फुलांचा टेम्पो चालवणारा भिका ऑफिसच्या फाटकाशी येऊन गेला. हातात कागदाची पुडी दिली. तिळगूळ, सरुबाईकडून. "आणि तात्यांनी तिच्याकडून किल्ली घेतली बरं का," जाता जाता म्हणाला. "झाडायला आता दुसरी बाई बघत्यात. लय रडली नाय, पण आज फुलं न्यायला आली नाय."

पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली. खाल्ला नाही, टाकलाही नाही. भोकं तिनेच पाडली होती. मी खोटं काय सांगितलं?

रविवार, १९ जानेवारी

घरीच होतो. दिवसभर पेपर वाचला, एकच बातमी चारदा. मनीषाने चहा ठेवताना विचारलं, "तुम्ही त्या बाईवर रागावलात का सुटलात?" मी म्हटलं, हा काय प्रश्न आहे. ती म्हणाली, "नाही, त्या दिवशी घरी आलात तेव्हा शीळ घालत होतात."

शनिवार, २५ जानेवारी

अर्धा दिवस होता. दुपारी दोन्ही पीसी सोडवून आणायला गेलो, म्हणजे उद्या फक्त तोंडी सांगून निघता येईल. तात्यांकडून किल्ली घेतली. समाजमंदिराच्या ओट्याच्या टोकाला सरुबाई हार ओवत बसली होती. आत जायला तिला आता हक्क नाही, ओटा सगळ्यांचा.

मला बघून उठली नाही. मी कुलूप काढताना म्हणाली, "सर, एक विचारू? रागवायचं तर रागवा."

"विचारा."

"त्या भोकानं झालं काय? मला कोणी सांगितलंच नाय. तुम्ही वरडले, तात्या वरडले. पण एवढंसं सुईचं भोक, बाकी सगळी जागच्या जागी हाय. मग ती मरती कशानं? तेरा दिवस झालं, हार ओवताना तेच डोक्यात फिरतंय."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माफी मागत नव्हती आणि मला मागायलाही लावत नव्हती. तिला फक्त उत्तर हवं होतं. खोलीतून एक भोक पडलेली फ्लॉपी आणली, तिच्याच कात्रीने वरचं आवरण कापलं आणि आतली तपकिरी चकती तिच्या हातात दिली. सांगितलं की ही आत गरगर फिरते आणि एक बारीक बोट तिच्यावरून वाचत जातं. भोकाची कड वर आली की ते बोट तिथे अडखळतं. आणि कुठे काय ठेवलं आहे याची यादी नेमकी बाहेरच्या कडेला असते, जिथे तिची सुई गेली.

तिने चकती उन्हात धरली, भोकातून बघितलं. "म्हंजे सामान हाय, पण यादी फाटली."

"हो."

"आता कळलं." चकती तिने पदराने पुसून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "एका फ्लॉपीवरचं दुसरीवर उतरवून घेता येतं का?"

"येतं."

"किती येळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"मग तुमच्या घरी असतील ना. मैनाची शेवंती तेवढी आणा, पोरीनं जेवण टाकलंय."

मी नाही म्हणालो. घरी एकही नाही. तिला ते पटेना. मी लपवतोय असं वाटलं की काय कोण जाणे, पुन्हा विचारलं, "एक बी नाय? का बरं?"

का बरं. कारखान्यात बारा वर्षं मी रोज संध्याकाळी दिवसभराच्या सगळ्या कामाची दुसरी प्रत काढून कपाटात ठेवतो. ताप असतानाही थांबून काढली आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि कोणी विसरला तर त्याची खरडपट्टी काढतो. क्लबची एकही काढली नाही. कोऱ्या फ्लॉप्या घरात पडून आहेत, दीपकने जाताना दिलेल्या. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही, दोन मिनिटं लागतात. काढल्या नाहीत, कारण हे सगळं आज ना उद्या बंद पडणार असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. बंद पडणाऱ्या गोष्टीची प्रत कोण काढून ठेवतं?

हे सगळं तिला सांगितलं नाही. "चूक माझी आहे, तुमची नाही," एवढंच म्हटलं. फार बारीक आवाजात म्हटलं.

तिने सुईत फूल घेतलं. "मग तसं तात्यांना सांगा," म्हणाली. "मला पैशाचं एवढं नाय. पण सकाळी उठून कुठं जायचं ते राह्यलं नाय."

पीसी सोडवले नाहीत. किल्ली तात्यांना परत देऊन आलो. येताना एसटीडी बूथवरून दीपकला फोन लावला, खरं ते सांगितलं. तो म्हणाला, डॉसची आणि लोगोची त्याच्याकडची प्रत सोमवारच्या कुरियरने निघेल. त्याने ठेवली होती.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, मग बैठक. मंडपवाला पांढरे कपडे घालून आला होता. मुलं बाहेर ओट्यावर, सरुबाई त्यांच्यात. मला बोलायला सांगितलं तेव्हा उभा राहिलो. म्हणालो की दाखवायला काही नाही, आणि त्याचा दोष सरुबाईचा नाही. तिने चांगल्यासाठी केलं, मीच बांधून ठेवा म्हणालो होतो, आणि प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. पगार घेतो तिथे करतो, इथे केलं नाही.

तात्या म्हणाले, "गोरक्षराव, बाईचं नाव तुम्हीच घेतलं होतं. या चौघांत बसून."

"हो. म्हणून या चौघांतच परत घेतो."

कोणीतरी हसलं. एकजण म्हणाला, मास्तरच असा निष्काळजी तर खोली कशाला अडवून ठेवायची. तात्या त्याच्याकडे वळले. "फुकट शिकवणारा दुसरा हाय का तुझ्याकडं? असंल तर आण." मग बरीच हमरीतुमरी झाली आणि निकाल असा लागला: अर्ध्या खोलीत बांबू, अर्ध्यात क्लब, जूनपर्यंत. किल्ली सरुबाईकडे. तात्यांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. तिने ती कमरेला खोचली आणि काही झालंच नाही अशी आत जाऊन कालच्या जिलेबीच्या... नाही, आजच्याच जिलेबीचे सांडलेले कण झाडायला लागली. मला काल आणि आजही नीट लिहिता येत नाही, इतका दमलो आहे.

मैना माझ्याशी बोलली नाही. बोलेल, न बोलेल. तिची शेवंती मी परत आणून देऊ शकत नाही.

निघताना सरुबाई स्कूटरजवळ आली. कासवाची फ्लॉपी कधी येणार, विचारलं. बुधवारपर्यंत येईल म्हटलं.

"मग येत्या रविवारी साडेआठला या. नऊला पोरं येत्यात, त्याच्या आत सगळ्याच्या दोन दोन करून ठिवू. कसं करायचं ते मला एकदा दाखवा. मग दर रविवारी मी करीन. पिवळी-निळी लावून पोरांना बसवायचं बी मला येतं." आणि अगदी सहज पुढे म्हणाली, "मग एखाद्या रविवारी तुम्ही नाय आले तरी चालंल, सर. तुमची लय वढाताण होती."

नेमकं हेच वाक्य जूनपासून मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं. ऐकलं, आणि बरं वाटलं नाही. घरापर्यंत वाटलं नाही, आत्ता लिहितानाही वाटत नाही.

रविवारी आठला निघतो.